हात लुळा पडून परत बरा झाला, तरी दाखवा

आमच्या चाळीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. कुणाचं बारसं, कुणाचा तेरावा, मंडळाची मीटिंग, उद्या पाणी उशिरा येणार, असं सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असतं. २०२४ च्या फेब्रुवारीत महिनाभर त्या फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात माझ्या सासऱ्यांच्या अक्षरात एकच मजकूर होता. "लहान मुलाचा हात, पाय किंवा बोलणं अचानक गेलं आणि पाच मिनिटांत परत आलं, तरी डॉक्टरला दाखवा. बरं झालं म्हणून सोडू नका." ह्या तीन ओळींपर्यंत यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. ते कसं झालं तेच लिहायला बसलेय, कारण परवा एका ताईंनी विचारलं की तुम्ही लोकांना हे कसं सांगता, आम्हालाही आमच्या भागात सांगायचंय.

माझ्या मुलीला मोयामोया आहे. घरात तिला माऊ म्हणतात, इथेही माऊच म्हणते. मोयामोया म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नसा, मानेतून वर जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूच्या तळाशी पोचल्यावर हळूहळू अरुंद होत जातात. का होतात ते पूर्ण कळलेलं नाहीये. मग मेंदू स्वतःच बारीक बारीक नसांचं जाळं काढून काम भागवायला बघतो, आणि तपासणीत ते जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं. जपानी भाषेत अशा धूसर, धुरकट दिसण्याला मोयामोया म्हणतात. १९५७ मध्ये जपानमध्येच ह्या आजाराचं पहिलं वर्णन झालं आणि १९६९ मध्ये हे नाव पडलं. जपान, कोरियाकडे जास्त सापडतो, आपल्याकडे क्वचित, त्यामुळे नाव ऐकलेलं माणूसच भेटत नाही. मी स्वतः ऐकलं नव्हतं.

सुरुवात नक्की कधी झाली सांगता येणार नाही. पण मे २०२२ पासून असं व्हायचं की माऊ हट्ट करून जोरजोरात रडली की तिच्या उजव्या हातातलं काहीतरी खाली पडायचं. एकदा चमचा, एकदा रंगाची पेटी. हात लोंबल्यासारखा व्हायचा, दोन-चार मिनिटं, आणि मग काहीच नाही, परत उड्या मारायला तयार. साडेसहा वर्षांची होती. आम्हाला वाटलं रागाने टाकते. माझ्या सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. जवळच्या डॉक्टरांनी कॅल्शियमचं सिरप दिलं, वाढीच्या वयात होतं म्हणाले. शाळेतून निरोप आला की पेन्सिल नीट धरत नाही, लिहायचा कंटाळा करते. आणि मी, मला हे लिहिताना अजून त्रास होतो, मी तिला दोन वेळा ओरडले की नाटकं बंद कर. ओरडल्यावर ती अजून रडायची आणि हात अजून गळायचा.

मग आले २०२२ चे गणपती. कोरोनानंतरचं पहिलंच मोकळं वर्ष, आमच्या लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्या बाबांनी तिला भारतमाता थिएटरच्या नाक्यावरून पिपाणी घेऊन दिली. ती गालाचे फुगे करून पाच-सात मिनिटं वाजवत होती आणि एकदम पिपाणी तोंडातून पडली, ओठ एका बाजूला गेल्यासारखा, आणि मला आई म्हणायला गेली तर नुसता आवाज निघाला, शब्द नाही. गर्दीत मी तिला उचलून जिथे जागा मिळेल तिथे पायरीवर बसले. आठ-दहा मिनिटांनी ती नीट बोलली. पण त्या दिवशी मात्र आम्ही कुणी "गेलं बाबा एकदाचं" असं म्हणलो नाही.

फिट असेल असं धरून आधी ईईजी सांगितली, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरींचा आलेख काढतात ती तपासणी. त्यात मुलांना मुद्दाम तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला लावतात, तिला कागदाचं भिरभिरं दिलं होतं. फुंकून झालं, थांबली, आणि थोड्या वेळाने तिचा उजवा हात तसाच गळाला, सगळ्यांसमोर. तिथल्या टेक्निशियन ताईंनी घाबरून न जाता वेळ लिहून ठेवली, आलेखावर लाटा परत मंद झालेल्या त्यांनी बघितल्या, आणि स्वतः उठून डॉक्टरांना बोलवून आणलं. तेवढ्यावरून डॉक्टर मॅडमना शंका आली. फिटचं औषध सुरू करण्याआधी एमआरआय करा म्हणाल्या, आणि बरोबर मेंदूच्या नसांचा, एमआरएचा पण. त्या ताईंचं नाव मला माहीत नाही. रोज आठवण येते.

एमआरआयमध्ये कळलं की डाव्या बाजूला एक छोटा जुना डाग आहे, म्हणजे आम्ही दृष्ट काढत होतो त्या महिन्यांत कधीतरी एक लहान स्ट्रोक होऊन गेलेला होता. मग डीएसए, जांघेतून बारीक नळी घालून थेट मेंदूच्या नसांपर्यंत औषध सोडून फोटो काढतात ती. मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं, खरंच धुरासारखं. त्यांनी फुंकण्याचं कारणही सांगितलं. आपण जोरजोरात श्वास सोडतो, रडताना, फुगा फुगवताना, पिपाणी वाजवताना, गरम वरणभात फुंकताना, तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या नसा आकसतात. तुमच्या माझ्या मेंदूला त्याने काही होत नाही, पण जिथे नस आधीच दोऱ्यासारखी झालीय तिथे रक्त तेवढ्यापुरतं कमी पडतं. म्हणून हात जातो आणि श्वास नेहमीसारखा झाला की परत येतो. डॉक्टर ह्याला टीआयए म्हणतात. हात परत आला ह्याचा अर्थ धोका टळला असा नाही, पुढच्या वेळी तो परत येईलच असं नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या.

आता अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे सासरे. महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते, तीस वर्षं लालबाग-काळाचौकीच्या गल्ल्यांमध्ये रस्त्यातल्या चाव्या फिरवून कुठे किती वेळ पाणी सोडायचं ते बघितलं. सातवी शिकलेले. हॉस्पिटलमधून आम्ही दोघं आलो तेव्हा आमच्या तोंडून नीट शब्द फुटत नव्हते, अण्णांनी फक्त डीएसएचा फोटो मागितला, ट्यूबलाइटखाली धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मेन लाइन आतून धरलीय. प्रेशर नाही म्हणून लोकांनी मधून मधून पाव इंची पाइप काढलेत. सकाळी सगळे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्याला पाणी चढत नाही." आणि मग विचारलं, "डॉक्टर काय करणार? लाइन साफ होते का?" मी म्हणलं नाही, साफ होत नाही, औषधाने पण ती उघडत नाही, ऑपरेशन करून डोक्याच्या कातडीतली एक नस आत मेंदूवर आणून ठेवतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे बाजूच्या बिल्डिंगच्या चांगल्या लाइनवरून कनेक्शन." इतक्या डॉक्टरांनी इतकं समजावलं होतं, पण मला खरं समजलं ते त्या रात्री.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगते. मोठ्यांमध्ये बऱ्याचदा नसेला नस थेट शिवतात, लहान मुलांच्या नसा फार बारीक, त्यामुळे माऊला दुसऱ्या पद्धतीने केलं, कानाच्या वरून जाणारी कातडीतली नस तशीच वाहती ठेवून कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर बसवली. तिच्यातून नव्या नसा हळूहळू मेंदूत उतरतात, काही महिने लागतात. डावी बाजू डिसेंबर २०२२ मध्ये, उजवी मे २०२३ मध्ये. रोज ॲस्पिरिनची अगदी कमी डोसची गोळी. पैशाचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या बाईंनी वाट दाखवली. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात हे मला चाळीस वर्षं मुंबईत राहून माहीत नव्हतं. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आधीच तयार ठेवा, ऐन वेळी तहसील ऑफिसात पळापळ होते.

लोकांना सांगायचं मनात आलं ते पहिल्या ऑपरेशनच्या वेळी. बाजूच्या खाटेवर चिपळूणकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा होता. त्यालाही हेच. वर्षभर अधूनमधून पाय जायचा, घरचे म्हणायचे शाळा चुकवतो. मग एके दिवशी मोठा स्ट्रोक आला आणि बोलणं गेलं. त्याची आई रात्री मला म्हणाली, "ताई, कुणीतरी एक माणूस जरी म्हणालं असतं ना की असं आपोआप बरं होणारं पण वाईट असतं." त्याच्यानंतर आम्ही दोघी काही बोललो नाही, एकमेकींचा हात धरून बसलो होतो.

माझा पहिला प्रयत्न चुकला. जून २०२३ मध्ये मी दोन दिवस बसून व्हॉट्सॲपवर एक मोठा मेसेज लिहिला, आजाराचं नाव, कारणं, तपासण्या, स्टेज, ऑपरेशनचे प्रकार, सगळं. चाळीच्या, शाळेच्या, माहेरच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला. हात जोडल्याच्या खुणा आल्या, "काळजी घ्या" आलं, आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "ते मोमो खाल्ल्याने होतं का गं?" मला रडू आलं. पण अण्णा म्हणाले, काकूंचं काही चुकलेलं नाही, तू तिला परीक्षेचा अभ्यास पाठवलास. लोकांना आजाराचं नाव पाठ करून काय करायचंय, त्यांना घरात काय दिसेल तेवढं सांग. पुढे जे काही केलं ते ह्याच बोलण्यावर.

मग मी आणि अण्णांनी कागदावर फक्त दिसणाऱ्या गोष्टी लिहिल्या. रडल्यावर, पळल्यावर, फुंकल्यावर, उन्हात पाणी न पिता खेळल्यावर हात किंवा पाय गळणं. तोंड वाकडं होणं. बोबडं होणं. हातातली वस्तू परत परत पडणं. मुलाचं सारखं डोकं दुखणं, विशेषतः सकाळी. आणि हे सगळं थोड्या वेळाने बरं होणं. मॅडमना दाखवलं तर त्यांनी दोन बदल केले. एक, "हे मोयामोयाच आहे असं लिहू नका, फिट असू शकते, मायग्रेन असू शकतं, दुसरंही काही असू शकतं, तुम्ही फक्त दाखवा म्हणा." दोन, अशा वेळी काय करायचं ते टाकायला सांगितलं, मुलाला आडवं करा, शांत करा, पाजण्याची घाई करू नका, घड्याळ बघा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आणि त्रास जात नसेल तर १०८ ला फोन. व्हिडिओचं फार महत्त्वाचं आहे. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मूल हसत खेळत असतं आणि आपण काय सांगतोय ते आपल्यालाच खोटं वाटायला लागतं.

जानेवारी २०२४ च्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून पाण्याची छोटी बाटली दिली आणि तिला दोऱ्याने ह्या सगळ्याचं छापलेलं कार्ड बांधलं. बाटली मुद्दाम, कारण अंगातलं पाणी कमी झालं की ह्या मुलांना त्रास होतो. साठ बायका आल्या असतील. तिळगूळ हातात, अत्तर लावून झालेलं, बायका कार्ड वाचायला लागल्या आणि प्रश्न सुरू झाले. मोठ्यांना होतं का? होतं, लहानपणी पाच ते दहाच्या आसपास आणि परत तिशी ते पन्नाशीत, बायकांना पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट, आणि मोठ्यांमध्ये नसा फुटून मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण जास्त असतं. हे सांगितल्यावर खोली एकदम शांत झाली. मग एकीने हळूच विचारलं, "तुमच्याकडून आलं की त्यांच्याकडून?"

हा प्रश्न मला ह्याआधी नात्यातल्या चार-पाच जणींनी विचारून झाला होता आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा यायचा. २०११ मध्ये आरएनएफ२१३ नावाच्या जनुकातल्या एका बदलाचा संबंध सापडलाय, जपानमध्ये साधारण १० ते १५ टक्के रुग्णांच्या घरात आणखी कुणाला तरी हा आजार असतो, पण तो बदल अंगात असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, म्हणजे नुसतं जनुक पुरेसं नाही, असं मला मॅडमनी सांगितलं होतं. मी हे सांगणार एवढ्यात माझ्या सासूबाई, ज्यांनी दृष्ट काढली होती त्याच, ताटातली हळद बाजूला ठेवून म्हणाल्या, "कुणाकडून आलं ते शोधून पोर बरी होणार आहे का?" परत कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात अण्णांनी फळा घेतला. मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला अण्णा, दोन दिवस ठेवा, पाण्याच्या सूचनांना जागा लागते. अण्णा म्हणाले तीस वर्षं पाण्याच्या सूचना मीच दिल्यात, अर्धा फळा पुरतो. संध्याकाळी ते खाली बाकड्यावर बसायचे आणि कुणी थांबलं की खडूने मेन लाइन आणि पाव इंची पाइप काढून दाखवायचे. रिक्षावाले, दूधवाला, क्लासला जाणारी मुलं. मला वाटतं आमच्या चाळीतल्या पोरांना हृदयापेक्षा मेंदूच्या नसा जास्त माहीत असतील आता.

शाळेत जायला मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, कारण तिथूनच कंटाळा करते असा निरोप आला होता. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस जगभर दुर्मीळ आजारांचा दिवस म्हणून पाळतात, २००८ मध्ये सुरू झाला तेव्हा मुद्दाम २९ तारीख निवडली होती, क्वचित येणारी. २०२४ ला पण २९ होती. मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटं दिली. माऊच्या पहिलीच्या बाई पण होत्या. मी तक्रार म्हणून काही बोलले नाही, मी स्वतः तिला ओरडले होते तेच सांगितलं. पीटीच्या सरांनी विचारलं, "मग अशा मुलाला रडूच द्यायचं नाही म्हणजे लाडच करायचे का?" बरोबर प्रश्न आहे, आम्हाला घरी रोज पडतो. मी म्हणलं नाही म्हणायचंच, पण ओरडून नाही, आणि रडायला लागली तर आधी जवळ घेऊन श्वास हळू करायला लावायचा, शिस्तीचं नंतर बघू. धावायला लावू नका असंही नाही, दमली की बसू द्या आणि पाण्यासाठी परवानगी मागायला लावू नका. मीटिंग संपल्यावर पहिलीच्या बाई जिन्यात थांबल्या होत्या. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मला म्हणाल्या, "मला पेन्सिल दिसली हो, हात दिसला नाही." मला पण कुठे दिसला होता.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या शाळेत दर तासाला सगळ्या वर्गांना दोन घोट पाणी प्यायला सांगतात. सगळ्यांना, फक्त माऊला नाही.

आता खरी गोष्ट. कार्डावर मी माझा नंबर दिला होता. २०२४ च्या गणपतीपर्यंत मला अकरा फोन आले. एकालाही मोयामोया निघाला नाही. एका मुलीला फिट निघाली, आता औषध सुरू आहे. दोन मुलं रडता रडता श्वास कोंडून निळी पडायची, डॉक्टरांनी सांगितलं वय वाढलं की जाईल. एका ताईंना मायग्रेन. बाकीच्यांचं काही निघालं नाही. एका आजोबांनी मात्र फोनवर मला चांगलंच सुनावलं, तुमच्या कार्डामुळे आमच्या सुनेने चार रात्री झोप घेतली नाही आणि तपासणीला इतके पैसे गेले. मी दोन दिवस अस्वस्थ होते. कार्ड बंद करावं असं वाटलं. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या की बाळाला तपासून काही निघालं नाही ही चांगली बातमी आहे, पण तुम्ही एक करा, थेट एमआरआय करा असं कुणाला सांगू नका, आधी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा, ते ठरवतील. कार्डावर ती ओळ वाढवली. आजोबांना परत फोन करून माफी मागितली. ते म्हणाले ठीक आहे, आणि शेवटी, पोरगी कशी आहे तुमची?

पोरगी बरी आहे. दहा वर्षांची झाली. उजव्या हाताची पकड थोडी कमी आहे, अक्षर वाकडं येतं, फिजिओ चालू आहे. ऑपरेशनच्या खुणा केसात लपतात. दरवर्षी एमआरआय असतो आणि त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवत नाही. गणपतीत ती पिपाणी वाजवत नाही, झांज वाजवते, ते तिचं तिनेच ठरवलं.

ह्या जानेवारीच्या कार्डांची प्रूफं प्रिंटिंगवाल्याने पाठवली तेव्हा माऊ बाजूला बसली होती. आमच्या गल्लीत हिंदी बोलणारी बरीच कुटुंबं आहेत म्हणून ह्यावेळी मागच्या बाजूला हिंदीत छापतोय, तीनशे कार्डं. तिने पेन्सिल घेतली, डाव्या हाताने, आणि पहिल्या ओळीत "लहान मुलाचा" होतं त्याच्यापुढे "किंवा मुलीचा" असं लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि प्रूफ तसंच परत पाठवायला सांगितलं.